घरचे रसायन : माशी शिंकली कुठे?



गेल्या अंकात आपण झब्ब्यावरच्या हळदीच्या डागांचा पिच्छा पुरवला. या वेळचा पाहुणा जरा नाक मुरडायला लावणारा आहे: माशी. पण इलाज नाही. या हिवाळ्यात मंडळातल्या तीन घरांतून आम्हांला फोन आले आणि तिन्ही वेळा प्रश्न एकच. "काल एकही नव्हती, आज खिडकीत पन्नास! आल्या कुठून?"

उत्तर आम्हांला पाठ आहे. कारण दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न आमच्या घरात आला, तेव्हा आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर दिले होते. तेही आईला.

रथसप्तमीच्या आधीचा रविवार होता. चार वाजता सौ.ने हळदीकुंकवाला बोलावणी केलेली. आधीचे दहा दिवस कडाक्याची थंडी आणि त्या दिवशी अचानक लख्ख ऊन. दुपारी आमची चार वर्षांची कन्या वरच्या मजल्यावरून ओरडली, "बाबा, फ्लाइज!" वर जाऊन बघतो तो दक्षिणेकडच्या खिडकीची काच काळी ठिपकेदार. कन्या वीसपर्यंत मोजायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची. नेमकी तीच खोली पाहुण्यांचे कोट ठेवायला ठरलेली.

आता घरात माश्या म्हटल्यावर आपल्या मनात पहिली शंका येते ती स्वयंपाकघराची. त्यातून आपण इथे परदेशात. फोडणीच्या वासावरून भाड्याच्या घरात कधी ना कधी कुणी तरी बोललेले असते आणि ते आपण विसरलेलो नसतो. आम्ही खाली धावलो. कचऱ्याची पिशवी बाहेर, केळी बाहेर, लोणच्याची बरणी गॅरेजमध्ये. मग आमची नजर गेली आईच्या तुळशीवर.

आई सहा महिन्यांसाठी आली होती. आल्या आल्या तिने मंडळातल्या एका काकूंकडून बी मागून घेतले आणि ओट्यापलीकडच्या खिडकीत कुंडी लावली. ज्यांच्या घरी आईवडील येऊन राहिले आहेत त्यांना सांगायला नको. गाडी चालवता येत नाही, शेजारी दिसत नाहीत, आम्ही दिवसभर कामावर. अशा घरात सकाळी पाणी घालायला आणि संध्याकाळी दिवा लावायला एक जागा तिने स्वतःची म्हणून केली होती. कुंडीत ती चहाचा चोथा घालायची.

"आई, हे या चोथ्यामुळे झालंय," आम्ही निकाल दिला.

"अरे, पण माश्या वरच्या मजल्यावर आहेत," आई म्हणाली. "इथे एक तरी आहे का बघ. चोथा तर मी ऑक्टोबरपासून घालतेय."

आम्ही बघितले नाही. कुंडी उचलली आणि मागच्या डेकवर नेऊन ठेवली. चार वाजले, बायका आल्या, तिळगूळ झाला, वाण लुटून झाले. कोट घ्यायला वर गेलेल्या एका पाहुणीने हसत हसत विचारले, "काय हो, आतापासूनच उन्हाळा सुरू?" सगळ्या हसल्या. आईही हसली. त्या गडबडीत कुंडी बाहेरच राहिली. रात्री पारा गोठणबिंदूच्या खूप खाली गेला. सकाळी तुळस काळी पडली होती.

आई काही बोलली नाही. तिने वाळलेल्या मंजिऱ्या खुडून एका कागदाच्या पुडीत ठेवल्या आणि कुंडी धुऊन पालथी घातली.

मंगळवारी पुन्हा ऊन पडले. त्याच खिडकीत पुन्हा तितक्याच माश्या. आता स्वयंपाकघर आरशासारखे स्वच्छ होते आणि तुळस तर नव्हतीच. तेव्हा कुठे आमच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. छतातले झाकण उघडून अ‍ॅटिकमध्ये डोके घातले. टॉर्चच्या उजेडात हवा जाण्याच्या झरोक्याभोवती आणि इन्सुलेशनच्या कडेने माश्यांचे पुंजकेच्या पुंजके बसले होते. दोन माश्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालून लीसबर्गला गेलो. तिथे व्हर्जिनिया कोऑपरेटिव्ह एक्स्टेन्शनचे लाउडन काउंटीचे कार्यालय आहे. घरातली, बागेतली कीड ओळखायला तिथले मास्टर गार्डनर स्वयंसेवक मदत करतात. भिंग घेऊन बसलेल्या बाईंनी आम्हांला तीन प्रश्न विचारले. वरचा मजला? उन्हाची बाजू? स्वयंपाकघरात एकही नाही? म्हणजे आईने रविवारी जे सांगितले होते तेच.

या माशीचे नाव क्लस्टर फ्लाय. आपण हिला पुंजका-माशी म्हणू. घरमाशीहून किंचित मोठी, करडी, छातीवर सोनेरी बारीक लव. बसली की पंख एकमेकांवर घेऊन बसते आणि उडते ती झोपेतून उठल्यासारखी. आपल्या ओळखीच्या घरमाशीच्या छातीवर चार काळे उभे पट्टे असतात आणि ती हाताला सापडत नाही. पुंजका-माशी सापडते.

हिचा आपल्या कचऱ्याशी काही संबंध नाही. ती अंडी घालते मातीत आणि तिच्या अळ्या जगतात गांडुळांवर. अ‍ॅशबर्नला पूर्वी फार्मवेल म्हणत. ते नाव आजही फार्मवेल रोडच्या पाटीवर आहे. आपली घरे उभी आहेत ती एके काळच्या शेतांवर आणि कुरणांवर. आता तिथे हिरवळी आहेत. गांडुळांना दोन्ही सारखेच. माशी मूळची युरोपातली, म्हणजे आपल्यासारखीच बाहेरून आलेली. उन्हाळाभर ती बाहेर वाढते. ऑगस्टअखेरीस, सप्टेंबरात रात्री गार होऊ लागल्या की उन्हाने तापलेल्या भिंतीवर येऊन बसते आणि छपराच्या कडेच्या फटींतून आत शिरते. हिवाळाभर अ‍ॅटिकमध्ये पडून राहते. मध्येच एखादा उबदार दिवस आला की तिला वाटते वसंत आला आणि बाहेरच्या उजेडाच्या ओढीने ती चुकून घराच्या आत, खिडकीवर येते. म्हणजे "आज आलेल्या" माश्या खरे तर चार-पाच महिन्यांपूर्वी आलेल्या असतात. घरात त्या अंडी घालत नाहीत, अन्नावर बसायला धडपडत नाहीत आणि रोग पसरवणाऱ्या माश्यांत त्यांची गणना होत नाही.

मग उपाय काय? व्हॅक्यूम क्लीनर. खिडकीवरच्या माश्या ओढून घ्या, पिशवी लगेच बाहेर टाका. बस्स.

फवारा मारू नका, असे एक रसायनवाला सांगतो आहे, तेव्हा कारणेही ऐका. बाजारातल्या बहुतेक फवाऱ्यांत पायरेथ्रिन किंवा त्याची कृत्रिम भावंडे असतात. पायरेथ्रिन निघते शेवंतीच्या कुळातल्या एका फुलापासून; पण फुलातले म्हणून निरुपद्रवी नव्हे. माशांच्या टाकीजवळ ते मारले तर मासे दगावतात. शिवाय ते दिसणारी माशी मारते, अ‍ॅटिकमधल्या शेकडोंना त्याचा पत्ताही नसतो. संपूर्ण खोलीत धूर सोडणारे डबे तर आणूच नयेत. त्यांतला वायू ज्वालाग्राही असतो आणि गॅसच्या हीटरची बारीक ज्योत पेटती असेल तर स्फोट होऊ शकतो.

आणि समजा, भिंतींच्या पोकळीत विष घालून सगळ्या मारल्या. मेलेल्या माश्या तिथेच राहतात. त्या खायला येतात गालिच्याचे किडे. त्यांच्या अळ्यांना मेलेल्या कीटकांइतकीच लोकर आणि रेशीम आवडते. म्हणजे माशी मारायला गेलात आणि पैठणीला भोके पडली, अशी गत. हे वाक्य आम्ही घरात उच्चारल्यापासून सौ.ने फवाऱ्याचे नाव काढलेले नाही.

विषाच्या भरवशावर माशीशी लढाई जिंकता येत नाही, हे जगाने फार पूर्वी पाहिले आहे. डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण शोधल्याबद्दल पॉल म्युलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या आधीच, १९४६ च्या सुमारास, स्वीडनमध्ये डी.डी.टी.ला न जुमानणाऱ्या घरमाश्या सापडू लागल्या होत्या.

पण प्रत्येक माशी अ‍ॅटिकमधलीच असते असे नाही. म्हणून आधी कोणती माशी आणि कुठे, हे पाहावे.

केळी, आंबे, कांद्याच्या टोपलीभोवती बारीक, तांबड्या डोळ्यांची चिलटे असतील तर ती फळमाशी. २००७ पासून भारतातला आंबा इथे येऊ लागला आणि पेटीबरोबर हा प्रश्नही मे महिन्यात घरोघरी येतो. वाटीत व्हिनेगर घेऊन त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि चिलट वर बसण्याऐवजी बुडते. पण अंड्यापासून माशी व्हायला साधारण दहा दिवस लागतात. तेव्हा दोन आठवडे पिकलेली फळे फ्रीजमध्ये ठेवा आणि टोपलीच्या तळाशी सडलेला एखादा कांदा आहे का पाहा.

बाथरूमच्या भिंतीवर पाकोळीसारखी केसाळ, बुटकी माशी दिसली तर ती मोरीतली. खात्री करायची असेल तर रात्री मोरीच्या जाळीवर चिकटपट्टी लावून ठेवा, चिकट बाजू खाली आणि कडेला थोडी फट. सकाळी माश्या चिकटलेल्या दिसल्या तर घर सापडले. पाइपच्या आतला बुळबुळीत थर ब्रशने घासून काढावा लागतो. नुसते ब्लीच ओतले तर ते थरावरून वाहून जाते.

कुंडीच्या मातीवरून काळी बारीक चिलटे उडत असतील तर पाणी जास्त होते आहे. मातीचा वरचा थर सुकू द्या. कुंडी बाहेर थंडीत ठेवण्याची गरज नाही. हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आणि निळ्या-हिरव्या चकचकीत, मोठ्याने घोंघावणाऱ्या माश्या एकाएकी पुष्कळ आल्या तर भिंतीत, धुराड्यात किंवा अ‍ॅटिकमध्ये उंदीर अथवा खार मेलेली असण्याचा संभव फार. ते शोधून काढणे हाच इलाज.

एक गोष्ट मात्र चौकटीत लिहून सिंकखाली चिकटवा. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका; क्लोरीन वायू तयार होतो. ब्लीच आणि अमोनिया असलेले काच पुसायचे द्रव्यही एकत्र करू नका. त्यातून क्लोरामाइन निघतात. दोन्ही फुप्फुसांना घातक. "एकाने जात नाही, दोन्ही घालून बघू" हा विचार माशीपेक्षा धोक्याचा आहे.

पुंजका-माशीचे वेळापत्रक आपल्या कालनिर्णयाशी छान जुळते. श्रावणात छपराच्या कडेच्या, खिडक्यांच्या आणि केबल आत येते तिथल्या फटी बुजवाव्यात, अ‍ॅटिकच्या झरोक्यांना बारीक जाळी लावावी. गणपतीच्या सुमारास त्या भिंतीवर येतात. त्यानंतर फटी बुजवल्या तर आतल्या आतच राहतात. संक्रांतीनंतर खिडकीत दिसल्या तर घाबरू नये, कुणाला बोल लावू नये, व्हॅक्यूम काढावा.

त्यातले "बोल लावू नये" हे आम्ही शेवटी शिकलो. प्रयोगशाळेत कुणी पुराव्याशिवाय निष्कर्ष मांडला तर आम्ही त्याला परत पाठवतो. घरात मात्र आमच्या डॉक्टरेटने आईचे अचूक निरीक्षण ऐकूनही घेतले नाही. माश्यांची लाज वाटली आणि ती लाज कुणाच्या तरी कुंडीत टाकून मोकळे व्हायचे होते.

त्या मंगळवारी लीसबर्गहून आल्यावर आम्ही आईला सगळे सांगितले आणि माफी मागितली. तिने विचारले, "गांडुळावर जगते म्हणालास?" जरा वेळ विचार करून म्हणाली, "मग बिचारी आपल्या घरात चुकूनच आली म्हणायची."

मार्चमध्ये तिने पुडीतले बी पेरले. एप्रिलच्या शेवटी ती परत गेली तेव्हा रोपे बोटभर होती. त्यांतले एक आजही ओट्यापलीकडच्या खिडकीत आहे. चोथा आम्ही घालतो. दर रविवारी फोनवर कॅमेरा कुंडीकडे वळवायचा असतो आणि तो बऱ्यापैकी स्थिर धरायचा असतो.

या रोपाच्या मंजिऱ्यांचे बी आम्ही पुड्यांत बांधून ठेवले आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी पुढच्या सभेत मागून न्यावे. पुढील अंकात कुकरच्या रबराविषयी.

कळावे, लोभ असावा.