चौदा एप्रिलची दुसरी आठवण



जयंती आठ दिवसांवर आली की आपल्या वस्तीतली मुले घरात सापडत नाहीत. पताका कापायच्या, खळ शिजवायची, भाषणे पाठ करायची. अशाच गडबडीत गेल्या वर्षी विहारातल्या रविवारच्या बालवर्गात दुसरीतल्या एका मुलीने आम्हाला विचारले, "गुरुजी, चौदा एप्रिलला बंबवाल्यांचा पण दिवस असतो. आमच्या बाई म्हणाल्या. त्यांचा का असतो?"

प्रश्न चांगला होता. चौदा एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात आणि त्याचे कारण मुंबईच्या गोदीत घडले, हे मोठ्या माणसांपैकी तरी किती जणांना ठाऊक असते? आम्हाला होते, कारण आमचे आजोबा गोदीत हमाल होते. म्हणून आम्ही लगेच मांडी ठोकून सांगायला बसलो. आणि फार वाईट सांगितले.

खोटे काही नव्हते त्यात. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. दुसरे महायुद्ध चालू होते. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज लागले होते आणि त्याच्या पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा होता. दुपारी धूर दिसला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, चार चौतीसला दुसरा. शेजारची जहाजे बुडाली, पेटता कापूस उडून वस्त्यांवर पडला, बारा किलोमीटरपर्यंत काचा फुटल्या, सिमल्याच्या भूकंपमापकावरही धक्का उमटला. हे सगळे आम्ही हातवारे करून, आवाज काढून सांगितले. शेवटी सोन्याच्या विटांचे सांगितले. जहाजात सोनेही होते, ते स्फोटाने उडाले आणि त्यातली एक वीट दूरच्या एका घराच्या व्हरांड्यात जाऊन पडली. मुले खूष झाली. आम्हीही खूष झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलीची आई दारात उभी. धुण्याभांड्याच्या कामावर जायची घाई होती तिला, तरी थांबून बोलली. "भाऊ, असलं काय सांगत जाऊ नका लेकरांना. पोरगी रात्रभर झोपली नाही. तीनदा उठून गॅसचं बटण बघून आली."

आम्ही वरमलो. ज्यांच्या घरापासून आग लांब असते त्यांच्या मुलांना जुनी आग म्हणजे पुस्तकातले चित्र. आपल्या मुलांचे तसे नाही. दहा बाय दहाच्या खोलीत शेगडी, सिलिंडर आणि अंथरूण एका हाताच्या अंतरावर असते. बाहेर वायरींचा गुंता लोंबत असतो. आगीची गोष्ट सांगताना हे आमच्या ध्यानात यायला हवे होते.

मग न सांगणेच बरे का? आम्ही दोन दिवस हाच विचार करीत होतो. पण मूल एकदा घाबरले की गप्प बसण्याने त्याची भीती जात नाही, ते एकटेच घाबरत राहते. त्या मुलीला आम्ही नुसता धडाका सांगितला होता. तो का झाला ते सांगितलेच नव्हते. का ते कळले नाही म्हणून तिला वाटले, घरातले कोणतेही बटण केव्हाही तसेच करील.

पुढच्या रविवारी आम्ही आगपेटीच्या रिकाम्या डब्या, थोडा कापूस, मूठभर मोहरी आणि लाल घोटीव कागद घेऊन गेलो. काड्या घरी ठेवल्या, हे आयांसाठी सांगून ठेवतो. डब्या चिकटवून जहाज केले. हे जहाज इंग्लंडहून निघाले, वाटेत कराचीला थांबले, तिथे त्यात कापसाच्या हजारो गाठी भरल्या. मुलांनीच एका डबीत खाली कापूस दाबून भरला. आता दारूगोळा कुठे ठेवायचा? मोहरी हातात घेऊन एक चिमुरडी म्हणाली, "दुसऱ्या डबीत. लांब." आम्ही म्हटले, जहाजावर तो कापसाच्या वर ठेवला होता. मुलांना पटेना. "मोठ्या माणसांनी?" असे दोघातिघांनी विचारले.

चौकशीत ज्या चुका पुढे आल्या त्या सहा वर्षांच्या मुलाला कळतील अशाच आहेत. खाली कापूस, वर दारूगोळा. जहाज १२ तारखेला बंदरात लागले, पण दारूगोळा उतरवायला दिरंगाई झाली. धोक्याचा माल असला की जहाजावर लाल बावटा लावायचा असतो, तो लावलेला नव्हता. धूर दिसल्यावर बंबवाल्यांना कळवायला उशीर केला. (लाल बावटा म्हटल्यावर दारात उभे असलेले एक जुने गिरणी कामगार मोठ्याने हसले. त्यांचा बावटा वेगळा, हे मुलांना समजावण्यात आमची पाच मिनिटे गेली.) पुठ्ठ्याच्या घड्याळावर आम्ही काटे फिरवत गेलो. दुपारी धूर. बंब आले, माणसे नळ्या घेऊन जहाजावर चढली, शेकडो टन पाणी ओतले. तरी आग विझेना, कारण ती खाली कापसात होती. चार वाजून सहा मिनिटांवर काटा आणला आणि थांबलो. या वेळी आवाज काढला नाही.

त्या दिवशी मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण मेले. हा आकडा लहान मुलांना सांगावा की नाही, यावर आमच्या घरात वाद झाला. आम्ही सांगितला. मेलेल्या माणसांच्या शरीरांचे वर्णन मात्र एका शब्दानेही केले नाही. लहानांना मरण सांगता येते, तपशील सांगू नयेत, असे आमचे मत झाले आहे.

गोदीतली इतर माणसे, हमाल, खलाशी, आजूबाजूचे रहिवासी, यांचा आकडा कुठे आठशे दिसतो तर कुठे तेराशे. एवढे अंतर का? एक थोडा मोठा मुलगा म्हणाला, "कुणी मोजलं नसेल नीट." आमची आजी काही निराळे सांगत नसे. ती म्हणायची, दोन बार झाले, फळीवरची भांडी खाली आली, आम्हाला वाटले जपान आला. मग तीन दिवस आजोबांची वाट बघितली. लढाईमुळे बातम्यांवर बंधने होती, विचारायचे कुणाला? तिसऱ्या दिवशी ते काळेकुट्ट होऊन आले, जेवले आणि झोपले. त्यांच्या टोळीतले कोण कोण आले नाहीत ते त्यांनी बोटांवर मोजून आजीला सांगितले. दोन्ही हातांची बोटे पुरली नाहीत म्हणे. सोन्याच्या विटा कुठे सापडल्या याच्या गोष्टी अजून रंगवून सांगतात, गोदीचा गाळ काढताना पुढे कित्येक वर्षांनीही सापडल्याचे सांगतात. आम्हीही आधी तेच केले होते ना!

"तेव्हा बाबासाहेब होते?" हा प्रश्न येणारच होता. होते. त्याच दिवशी त्यांना ५३ वर्षे पूर्ण झाली होती आणि व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. यापुढे आम्ही काही जोडले नाही. नुसती तारीख एक आली म्हणून गोष्ट रचून सांगणे बरे नव्हे.

वर्गात एक मुलगा मागे भिंतीला टेकून बसलेला असे. नव्याने राहायला आलेला, फारसा बोलत नसे. आम्ही सांगितले की या आगीने सुमारे ८० हजार लोक बेघर झाले. तो एकदम म्हणाला, "आमची पण लाइन जळाली. माझं दप्तर जळालं." सगळी मुले वळून त्याच्याकडे बघू लागली. आम्हाला काय बोलावे सुचेना. तोच पुढे म्हणाला, "त्यांना घर परत मिळालं का?"

आम्ही खरे तेच सांगितले. ढिगारे उपसायला हजारो माणसे महिनोन् महिने राबत होती, गोदी पुन्हा चालू झाली, पण कुणाकुणाला घर मिळाले हे सांगता येत नाही. त्याने मान डोलावली. त्याला दुसरे काही ऐकायचे नव्हते बहुधा.

त्याच्यामुळे वर्गाचा उरलेला वेळ वेगळाच गेला. धूर झाला तर काय करायचे, हे त्यानेच मुलांना दाखवले. जमिनीलगत वाकून, नाकावर ओले फडके धरून दाराकडे जायचे. लहान मुले घाबरली की खाटेखाली, मोरीत लपतात, तसे लपायचे नाही, ओरडत बाहेर यायचे. दप्तरासाठी परत आत जायचे नाही. हे सांगताना तो जरा थांबला. आम्ही एवढीच भर घातली की गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, आणि १०१ नंबर पाठ करायचा. आपल्या वस्तीचा पत्ताही पाठ करायचा, कोणत्या कोपऱ्यावरून बंब आत येतो ते सुद्धा. ही शेवटची गोष्ट मुलांना विचारली तर त्यांनी आम्हालाच उलट दाखवले की त्या कोपऱ्यावर कायम एक टेम्पो उभा असतो. टेम्पोवाल्याकडे मुले आणि आम्ही मिळून गेलो. थोडी कुरकुर झाली, पण टेम्पो हलला. आजवर तरी परत आलेला नाही.

त्या आईला आम्ही त्या दिवशी मुद्दाम वर्गात बसवले होते. जाताना म्हणाली, "हे पहिल्यांदाच सांगायचं की." तिची मुलगी आता रात्री बटण एकदाच बघते. बटण बंद कसे करतात ते आईने तिला शिकवले आहे.

शेवटी मुलांना जहाजाचे चित्र काढायला सांगितले. बहुतेकांनी ज्वाळा काढल्या. त्या मुलाने ज्वाळा काढल्या नाहीत. त्याने जहाजावर ओळीने सात लाल बावटे काढले. एक पुरे रे, आम्ही म्हटले.

"एखादा पडला तर?" तो म्हणाला, आणि आठवा काढायला घेतला.