स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल
ज्या तांबड्या तेलावर स्वयंचलित गिअरबॉक्सचे वंगण, शीतन आणि दाबाचे वहन ही तिन्ही कार्ये अवलंबून असतात, ते काळवंडून त्याला करपट वास येईपर्यंत मालकाने स्वस्थ बसावे, ही अनास्था मला खेदजनक वाटते. 1939 साली जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी ‘हायड्रामॅटिक’ हा स्वयंचलित गिअरबॉक्स आणल्यापासून यंत्ररचना कितीही पालटली, तरी तेलाची ही सत्ता अबाधित आहे. घरी हे तेल बदलू इच्छिणाऱ्याने गाडी जॅकच्या भरवशावर न ठेवता भक्कम स्टँडवर चढवावी, तेल सोडण्यापूर्वी भरण्याचे बूच उघडते याची खातरजमा करावी, निघालेले तेल मापून तितकेच, गाडीच्या पुस्तिकेबरहुकूम त्याच जातीचे नवे तेल भरावे आणि सांगितलेल्या तपमानास पातळी तपासावी. गिअरबॉक्सच्या तळाचे तेलपात्र (चेंबर) उतरवल्यास त्यातील लोहचुंबकावरील बारीक राखाडी लेपाने घाबरू नये, परंतु धातूचे तुकडे आढळल्यास गाडी कुशल कारागिराच्या हवाली करावी. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरेच जुने तेल शिल्लक राहत असल्याने एका खेपेत संपूर्ण पालट होत नाही, हेही ध्यानी असावे. काढलेले तेल मात्र गटारात अगर मातीत ओतण्याचा अधिकार कोणासही नाही. ते बंद डब्यात भरून, असे तेल स्वीकारणाऱ्या गॅरेजकडेच पोचते करावे.