हिशेब एक, यंत्रे अनेक

आपल्या वस्त्यांतील अनेक मुले-मुली आज मोठ्या दुकानांत कामाला आहेत. कोणी बिलाच्या काउंटरवर, कोणी गोदामात, कोणी माल घरपोच देण्याच्या कामावर. प्रत्येकाच्या हाती यंत्र असते आणि ते निराळे असते. काउंटरवर विंडोजचा कॉम्प्युटर, गोदामात बारकोड वाचणारे अँड्रॉइडचे हातयंत्र, गिऱ्हाइकाच्या हाती अँड्रॉइड किंवा आयफोन. मागे सगळा हिशेब ठेवणारा मोठा कॉम्प्युटर बहुधा लिनक्सवर चालतो. साबणाची वडी मात्र एकच, आणि तिची किंमत सगळीकडे एकच दिसली पाहिजे. ती तशी दिसावी म्हणून करावे लागणारे काम शिकण्याजोगे आहे. या वेळी आम्ही त्याची ओळख करून देत आहोत.

ट्रॉम्बेचा कॉम्प्युटर

हा प्रश्न आजचा नाही. १९६९ साली ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात टीडीसी-१२ हा कॉम्प्युटर तयार झाला. नावातला ‘टी’ म्हणजे आपले ट्रॉम्बेच! पुढे हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीने हे कॉम्प्युटर बनवले. त्या काळी प्रत्येक जातीच्या यंत्राची आज्ञांची भाषा वेगळी असे. एकासाठी त्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याला कळत नसे. यंत्र बदलले की प्रोग्राम पुन्हा लिहा!

याची झळ धंद्याच्या हिशेबाला फार. पगारपत्रक आणि मालसाठ्याची नोंद वर्षानुवर्षे चालते, यंत्र मात्र मध्येच जुने होते. म्हणून अमेरिकेत १९५९ साली समिती बसली आणि खास धंद्याच्या हिशेबासाठी ‘कोबोल’ ही भाषा ठरली. ग्रेस हॉपर या विदुषीच्या कामाचा तिच्यावर मोठा प्रभाव होता. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर, किरकोळ फरक करून, चालवून दाखवला गेला. १९९५ साली आलेली ‘जावा’ याच वाटेने गेली. आज मोबाईलसाठी ‘रिॲक्ट नेटिव्ह’ आणि ‘फ्लटर’ ही साधने आहेत. त्यांत एकदा लिहिलेला बहुतेक भाग अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतो.

नियम एकाच ठिकाणी

याचा उपयोग काय? २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले. अंगाचा साबण, टूथपेस्ट, शाम्पू यांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कराआधी १०० रुपयांच्या मालाचे ११८ होत, ते १०५ झाले. दुकानाने चार यंत्रांसाठी चार प्रोग्राम लिहिले असतील, तर हा बदल चार ठिकाणी करावा लागतो. एक जागा राहिली की मोबाईलवर एक किंमत आणि काउंटरवर दुसरी! म्हणून शहाणा प्रोग्रामर किंमत, कर आणि सवलतीचे नियम एकाच जागी लिहितो आणि सर्व यंत्रांना तिथेच विचारायला लावतो. पडदे आणि बटणे तेवढी वेगळी.

खाचखळगे पुष्कळ आहेत. कॉम्प्युटर आपल्यासारखा दशमानात मोजत नाही. त्याच्या नेहमीच्या अपूर्णांकांत दहा पैसे, म्हणजे ०.१० रुपये, अचूक बसत नाहीत. म्हणून रक्कम पूर्ण पैशांत ठेवतात. मराठीचेही तसेच. पूर्वी एका फॉन्टमध्ये टाइप केलेले ‘तूरडाळ’ दुसऱ्या कॉम्प्युटरवर भलतीच अक्षरे दाखवी. छापखान्यात काम केलेल्यांना हे चांगले ठाऊक आहे. १९९१ साली आलेल्या युनिकोडने प्रत्येक अक्षराला सर्व यंत्रांसाठी एकच क्रमांक दिला. तो पाळला तर बिल मराठीतही निघते.

नेट गेले तरी काउंटर थांबता कामा नये. बिले यंत्रात साठतात आणि नेट आल्यावर मुख्य कॉम्प्युटरकडे जातात. बिलाला स्वतःचा वेगळा, न बदलणारा क्रमांक नसेल, तर एकच बिल दोनदा जमा होऊ शकते. मग संध्याकाळी हिशेबात रक्कम जास्त आणि गल्ल्यात कमी. चूक प्रोग्रामची, पण जाब मात्र काउंटरवरच्या मुलीला!

अनुभव ही पुंजी

इथेच आपल्या मुलांचे बळ आहे. अर्धे पैसे रोख आणि अर्धे यूपीआयने आले तर? बारकोड फाटला तर? तीन वस्तूंवरच्या सवलतीतली एकच परत आली तर? ही उत्तरे काउंटरवर उभे राहिलेल्यालाच ठाऊक असतात. प्रोग्रामिंग शिकता येते. हा अनुभव पुस्तकात मिळत नाही.

म्हणून अशा मुलामुलींनी एक वही घालावी. दुकानात रोज येणाऱ्या अडचणी तीत लिहाव्यात. सोबत पायथन किंवा जावास्क्रिप्ट शिकावी. दोन्ही फुकट मिळतात, आणि जुन्या कॉम्प्युटरवरही सुरुवात होते. पहिला प्रोग्राम पाच वस्तूंच्या बिलाचा करावा. मग त्यात परतीचा माल आणावा. नोकरीची हमी देऊन हजारो रुपये मागणाऱ्या क्लासपासून पालकांनी सावध राहावे. पैसे भरण्याआधी तिथे शिकून गेलेल्या दोघा-तिघांना भेटावे.

आज आपली मुलगी दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रामवर बिल करते. त्याचे नियम लिहिणाऱ्यांच्या टेबलावरही तिची खुर्ची असली पाहिजे. घरच्यांनी तिला रोज तासभर मोकळा वेळ द्यावा, एवढेच आमचे सांगणे.