संसारांतील विचार : तीन रकान्यांची वही

मूल सर्वांचें असलें, म्हणजे त्याला वळण कोणीं लावावयाचें हा प्रश्न एकत्र कुटुंबांत पुष्कळदां तसाच राहतो. एक रागावतो, दुसरा कुरवाळतो, तिसरा काणाडोळा करतो. इतर मुलांचें त्यांत फारसें बिघडत नाहीं. पण घरांत स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेलें मूल असेल, तर ह्या ओढाताणीची झळ त्यालाच लागते. एका परिचित घरीं गेल्या वर्षांत जें पाहिलें, तें म्हणूनच येथें सांगावेसें वाटतें.

घर दोघां भावांचें. शिवाय त्यांची वृद्ध आई. धाकट्याचा मुलगा अकरा वर्षांचा, स्वमग्न. वाचा आलेली नाहीं. सकाळीं स्वयंपाकाच्या गर्दींत तो एकाएकीं किंचाळे आणि स्वतःच्या मनगटाला कडकडून चावे. मनगटावर घट्टा पडला होता. आजी दृष्ट काढी, काका दरडावीत व प्रसंगीं चापटही देत, आणि शेवटीं आई त्याला हाताला धरून गॅलरींत नेई. काकांच्या मुलीला पाहावयास मंडळी यावयाची असली, कीं त्याला आंतल्या खोलींत ठेवून दार लोटून घेत.

अखेर एका विशेष शिक्षिकेला बोलाविलें. तिनें प्रथम मुलाचे दांत, कान व पोट डॉक्टरांकडून तपासून घ्यावयास सांगितलें. कारण ज्याला बोलतां येत नाहीं, त्याची दाढ दुखते हें वागण्यावरूनच ओळखावें लागतें. तेथें कांहीं आढळलें नाहीं. मग तिनें एक वही दिली. तींत तीन रकाने : आधीं काय घडलें, मुलानें काय केलें, नंतर आपण काय केलें. ज्याच्यासमोर घडेल त्यानें लिहावयाचें. मात्र ‘हट्टी’, ‘द्वाड’ असले शब्द लिहावयाचे नाहींत.

दहा दिवसांनीं वही वाचली, तेव्हां सारें घर गप्प झालें. पहिल्या रकान्यांत बहुतेक ठिकाणीं ‘मिक्सर लावला’ असें होतें, आणि तिसऱ्यांत ‘गॅलरींत नेलें’. तो आवाज त्याला सोसत नव्हता, आणि चावल्याखेरीज कोणी बाहेर नेत नव्हतें. ‘मला येथून न्या’ हें सांगण्याची ती रीत होती, आणि ती त्याला घरच्यांनींच नकळत शिकविली होती.

हा विचार आजचा नव्हे. स्वतःला इजा करून घेण्यामागील कारण पद्धतशीर शोधण्याची रीत अमेरिकेंतील ब्रायन इवाटा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 1982 मध्यें मांडली. पुढें 1985 मध्यें एडवर्ड कार व मार्क ड्युरंड ह्यांनीं दाखविलें कीं, अशा मुलांना मदत किंवा लक्ष योग्य शब्दांत मागावयास शिकविलें, म्हणजे त्यांचें त्रासदायक वागणें कमी होतें.

ह्या मुलाला शब्द नव्हते, म्हणून गॅलरीचें चित्र असलेलें एक कार्ड स्वयंपाकघराच्या दाराला त्याच्या हाताशीं टांगलें. मिक्सर लावण्यापूर्वींच आई त्याचा हात कार्डावर ठेवी आणि तत्काळ बाहेर नेई. काका म्हणाले, “उद्यां हा कार्ड दाखवून सारें घर नाचवील!” शिक्षिका म्हणाली, “आधीं मागितलेलें नक्की मिळतें हा विश्वास बसूं द्या. थांबावयास मागाहून शिकवूं, एकेक क्षण वाढवीत.”

एके सकाळीं काका वर्तमानपत्रांत गुंतले होते. मुलानें कार्ड पुढें केलें, पुन्हा केलें, आणि मग मनगट तोंडांत घातलें. त्या दिवशींचा तिसरा रकाना काकांच्या अक्षरांत आहे : ‘दोनदां मागितलें. मीं पाहिलें नाहीं.’ त्यानंतर त्यांचा हात मुलावर उठला नाहीं.

चावणें आजही पूर्णपणें थांबलेलें नाहीं. पण मनगटाची कातडी मऊ झाली आहे. ज्या घरीं मूल डोकें आपटून घेतें किंवा इतरांना गंभीर इजा करतें, तेथें मात्र घरगुती प्रयोगांवर विसंबूं नये. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेल्या तज्ज्ञाचें साहाय्य घ्यावें.

मागच्या महिन्यांत पुन्हा मंडळी पाहावयास आलीं. आई संवयीनें दार लोटूं लागली, तोंच चुलतबहीण म्हणाली, “काकू, कार्ड बाहेर राहिलें. आंतून तो मागेल कसें?”

दार उघडें राहिलें.