न पटणाऱ्यास काय सांगावे?

जे तत्त्व आपणांस सत्य वाटते ते दुसऱ्यावर बंधनकारक करावयाचे झाल्यास त्यास पटेल असे कारण दिलेच पाहिजे काय? हा प्रश्न केवळ तत्त्ववेत्त्यांचा आहे असे वाचकांनी समजू नये. नेकनूरसारख्या गावी हिंदू, मुसलमान, बौद्ध व ख्रिस्ती मुले एका वर्गात बसतात. तेथे प्रार्थनेची घंटा वाजली की तो उभा राहतोच.

पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाचा इतिहास या बाबतीत पाहण्यासारखा आहे. बाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. १८८९ साली त्यांनी मुंबईस सदन काढिले व पुढील वर्षी ते पुण्यास नेले. विधवांस शिक्षण द्यावे, धर्माची सक्ती कोणावर करू नये, असे ठरले होते. न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर सल्लागार मंडळात होते. बाई आपल्या मुलीसह प्रार्थना करीत, पण दार लावीत नसत. काही विद्यार्थिनी आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. त्यावरून वाद माजला. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

आम्ही बाईंच्याच धर्माचे, तेव्हा त्यांचा कैवार घेणे आम्हांस सोपे. दार उघडे ठेवणे ही सक्ती नव्हे, असेच आमचे मत आहे. परंतु ज्या पित्याने विधवा लेक परक्या घरी ठेविली, त्यास ते उघडे दारच आमिष वाटले तर तो काही मूर्ख ठरत नाही. आश्रय देणाऱ्याच्या नुसत्या वागण्याचाही आश्रितावर किती भार पडतो, हे शिक्षकांइतके कोणास ठाऊक! त्या पित्यास 'आमचा धर्म सत्य आहे' असे सांगणे म्हणजे उत्तर न देणेच होय. कारण तोही आपल्या धर्माविषयी तेच म्हणेल.

राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने यातून एक वाट काढिली. सरकारमान्य अथवा सरकारी साहाय्य घेणाऱ्या शाळेत अज्ञान मुलास पालकाच्या संमतीवाचून धर्मशिक्षणास वा उपासनेस बसविता येत नाही. ख्रिस्ती मनुष्य म्हणेल, सक्तीची भक्ती देवास नको. दुसरा म्हणेल, मुलावर पित्याचा अधिकार. तिसरा म्हणेल, शेजारधर्म. कारणे निरनिराळी, पण नियम सर्वांस मानवतो.

मग ज्यास पटत नाही त्याच्यासाठी प्रत्येक नियम मोडावा काय? १८५६ साली धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो दिला नाही. त्या एकास घेतल्याने शाळा इतर बहुतेकांस निरुपयोगी होईल, असे कारण दाखविले. शाळा सोडून जाणाऱ्यांची श्रद्धा खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. पण कारण द्यावयाचे ते त्या मुलासही द्यावयास हवे होते ना? त्याच्या तोंडावर उच्चारता येईल असे एकही कारण त्यांच्यापाशी नव्हते. पुण्याच्या पित्याचा आक्षेप आपल्या मुलीपुरता होता. धारवाडच्या आक्षेपाने दुसऱ्याचेच मूल बाहेर राहिले. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली तेव्हा ती पाळणाऱ्यांच्या संमतीची वाट पाहिली नाही, हे योग्यच झाले. त्यांस कारण समजावून सांगण्याचे काम मात्र उरलेच आहे, आणि ते पुष्कळसे शाळांकडेच येते.

एक शंका आमच्याने फिटत नाही. सल्लागारांचे मत सर्वांस ठाऊक आहे, पालकांचेही. काढून नेलेल्या विधवांचे मत काय होते? पालकांची संमती ही मुलांची संमती नव्हे. सबब आमची सूचना अशी की, संमतिपत्रकावर सही करण्यापूर्वी पालकांनी आठवी-नववीतील मुलामुलींस एकदा विचारावे, व 'नको' असे उत्तर आल्यास ते आम्हांस निःसंकोच कळवावे. प्रार्थनेच्या वेळी अशांसाठी वाचनालय उघडे ठेवण्यास कोणतीच अडचण नाही.