नकाशा कोणी काढावयाचा?

ज्यांच्यासाठी इमारत बांधावयाची त्यांनाच ती कशी असावी हे विचारण्याची प्रथा सत्ताधाऱ्यांत सहसा आढळत नाही. लंडनमधील बेथलेम या मनोरुग्णालयाचे जुने आराखडे या दृष्टीने उद्बोधक आहेत.

रॉबर्ट हूक याने योजिलेली या रुग्णालयाची मूरफील्ड्स येथील वास्तू १६७६ मध्ये उभी राहिली. दर्शनी भाग राजवाड्याला शोभेल असा, पाया मात्र कच्चा. पुढे जवळजवळ शतकभर लंडनचे नागरिक करमणुकीखातर तेथील रुग्णांना पाहावयास येत. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी बांधलेली ही वास्तू अखेर मोडकळीस आली आणि १८१० मध्ये नियामक मंडळाने नव्या इमारतीसाठी आराखड्यांची स्पर्धा जाहीर केली.

स्पर्धेसाठी आलेल्या आराखड्यांत एक खुद्द रुग्णालयातीलच होता. जेम्स टिली मॅथ्यूज हा चहाचा व्यापारी १७९७ पासून तेथे बंदिस्त होता. चित्रकलेचे धडे त्याने कोंडवाड्यातच गिरविले. आराखड्यासोबत त्याने सविस्तर टिपणेही जोडली. एका यंत्राच्या साह्याने एक टोळी आपला छळ करीत आहे, असा त्याला भ्रम होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या भिंतींत त्याने तेरा वर्षे काढली त्यांविषयी त्याच्याइतके अधिकाराने बोलू शकेल असा वास्तुविशारद लंडनमध्ये कोण होता?

मंडळाने त्याच्या कामाबद्दल तीस पौंड दिले, मुक्तता मात्र दिली नाही. त्याच वर्षी तेथील वैद्यकीय अधिकारी जॉन हॅस्लम याने मॅथ्यूजचे वेड सिद्ध करण्यासाठी अख्खे पुस्तक लिहिले. एकाच माणसाच्या रेषांना मोल आणि त्याच्या शब्दाला शून्य किंमत, असा हा न्याय!

जेम्स लुईस याच्या देखरेखीखाली साउथवर्क येथे बांधलेले नवे रुग्णालय १८१५ मध्ये सुरू झाले, तेव्हा वरच्या मजल्यांच्या खिडक्यांना काचाच नव्हत्या. रुग्णांनी एक तर गारठा सोसावा, नाही तर झडपा लावून अंधारात बसावे! काचा बसल्या त्या १८१६ मध्ये. त्या खोलीत एक रात्र तरी काढावयाची आहे, असे जाणणाऱ्याच्या हातून ही चूक झाली असती काय? मॅथ्यूज ही इमारत उघडण्यापूर्वीच, त्याच वर्षी, मरण पावला. जेम्स नॉरिस या रुग्णाला दहा वर्षांहून अधिक काळ लोखंडी साखळदंडांत जखडून ठेवल्याचे १८१४ मध्ये उघडकीस आले होते. पार्लमेंटच्या समितीच्या चौकशीनंतर १८१६ मध्ये हॅस्लमला पदावरून दूर व्हावे लागले.

भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने केंद्रीय व राज्य प्राधिकरणांवर मनोरुग्णांच्या प्रतिनिधींना स्थान दिले आहे. त्या जागा नाममात्र राहू नयेत यासाठी कार्यकर्त्यांनी जागरूक राहिले पाहिजे. प्रश्न केवळ मनोरुग्णालयांचाही नाही. झोपडपट्टीचे पुनर्वसन असो, आदिवासी मुलांचे वसतिगृह असो वा धरणग्रस्तांचे नवे गाव असो, तेथे राहणाऱ्याला कागदावर पहिली रेघ ओढली जाण्यापूर्वी बोलाविले पाहिजे. नकाशा मंजूर झाल्यावर त्याचे मत मागविणे म्हणजे त्याची संमती गृहीत धरणेच होय.