नदी उशाला, तरी कोरड घशाला?



पोळा झाल्यावर गिरणाकाठच्या एका लहानशा गावी गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण देवळा आणि कळवण तालुक्यांत काठावरच्या कितीतरी गावांची हीच कथा आहे. पारावर बसलो असता एका तरुणाने विचारले, "साहेब, मागल्या उन्हाळ्यात कांद्याची शेवटची दोन पाणी चुकली. सगळी गोलटी निघाली. आता विहीर आणखी चार परस खोल करू, का सगळे सोडून नाशिकला कंपनीत जाऊ?"

शेजारी त्याचे आजोबा होते. ते म्हणाले, "आमच्या वेळी चैत्रात नदीत हातभर वाळू उकरली की झिरा लागायचा. बायका वाटीने हंडे भरायच्या. आता पात्रात वाळूच राहिली नाही, तर झिरा कुठला?"

नातवाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आजोबांच्या बोलण्यात आहे. ते कसे, ते पाहू.

नदीची वाळू म्हणजे नुसती बांधकामाची वस्तू नव्हे. ती गावाची पाण्याची टाकी आहे. वाळूच्या कणांमधील पोकळीत पावसाळ्याचे पाणी मुरते आणि पुढे सावकाश झिरपत राहते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. एवढी जाड वाळू भिजली, तर ती साधारण ५५० लिटर पाणी परत देते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोजचे ५५ लिटर पाणी धरले आहे. म्हणजे शंभर ब्रास वाळू गेली, की हजार वस्तीच्या गावाचे एका दिवसाचे पाणी गेले. ते एकदाच जात नाही, दरसालचे जाते.

दुसरे असे, की पात्र चार-पाच हात खाली गेले, की काठच्या विहिरींचे पाणी नदीकडे उतरू लागते. आपण विहीर खोदायची आणि तिकडे नदी खोल होत जायची, ही शर्यत आपण कधीच जिंकणार नाही.

सगळा दोष वाळूवाल्यांच्या माथी मारून मात्र चालणार नाही. वर चणकापूरचे धरण ब्रिटिश काळापासून आहे. त्याचे पाणी मालेगावची तहानही भागवते. पात्राच्या दोन्ही काठांना आपल्याच मोटरींची रांग लागली आहे. आवर्तन आले, की ज्याचा पंप मोठा त्याचे पाणी. यात माझीही चूक आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी गावोगाव सांगत फिरलो, की मोटर घ्या, पाइपलाइन करा, विहीर खोल करा. ज्याला त्याला एकेकट्याने वाढायला सांगितले. चारचौघांनी बसून पाणी वाटून घ्या, हे सांगायचे राहिले.

वास्तविक ही विद्या आपल्या मुलखाची आहे. गिरणा, मोसम, आरम, पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत कित्येक पिढ्या फड पद्धत चालली. नदीला दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक. पंचांनी ठरवायचे आणि पाटकऱ्याने पाणी द्यायचे. पाणी कमी असेल त्या साली एखादा फड सगळ्यांनी मिळून कोरडा ठेवायचा. एकट्याचे मरण नाही, तसा एकट्याचा हव्यासही नाही. पुढे वर धरणे झाली, मोटरी आल्या, आणि पुष्कळ ठिकाणी फड मोडले.

सातासमुद्रापलीकडेही असेच चालते. इंडोनेशियाच्या बाली बेटावर भाताची शेती करणारी लहान लहान गावे आहेत. तेथे पाणी वाटणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळाला 'सुबक' म्हणतात. वरच्या आणि खालच्या गावांनी लावणीच्या तारखा मिळून ठरवायच्या, ही त्यांची हजार वर्षांची रीत. २०१२ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान दिला. अर्थात इतके दूर जायचेही कारण नाही. आपल्याच जिल्ह्यात वाघाड धरणाखाली ओझरच्या शेतकऱ्यांनी १९९०च्या सुमारास पाणी वापर संस्था उभ्या केल्या. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी तेथे पायाचे काम केले. पाणी मोजून घ्यायचे, पट्टी भरायची आणि शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचवायचे, हे तेथे घडले.

आता आपण काय करायचे?

पहिले, विहीर मोजा. दसऱ्यानंतर दोरीला गाठी मारून पाणी किती फूट आहे ते वहीत लिहा. दोन तास मोटर चालवून पाणी पुन्हा चढायला किती वेळ लागतो, तेही लिहा. वीस फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. एकरभर कांद्याला दोन इंच पाणी द्यायचे, तर दोन लाख लिटर लागते. उन्हाळ कांद्याला थंडीत १२ ते १५ दिवसांनी, ऊन वाढल्यावर ८ ते १० दिवसांनी पाणी हवे. हा हिशेब रोप टाकण्याआधी करा. तीन एकर अर्धपोटी ठेवण्यापेक्षा दोन एकर पोटभर पिकवा. ज्यांना जमेल त्यांनी गादीवाफ्यावर ठिबक करावे.

दुसरे, एका पट्ट्यातील दहा-बारा मोटरवाल्यांनी एकत्र बसून पाळ्या ठरवा. कागदावर लिहून सह्या घ्या.

तिसरे, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जा. आपल्या हद्दीतील वाळूबाबत गावाचे म्हणणे ठराव करून लेखी नोंदवा आणि त्याची नक्कल तहसील कार्यालयात द्या. भगिनींनो, तुम्ही तर जरूर जा. पाणी आटले की पहिली पायपीट तुमचीच होते.

त्या तरुणाला मी सांगितले, "बाबा, नाशिकला जायचे तर खुशाल जा, नोकरीत कमीपणा नाही. पण नदी मेली म्हणून जाऊ नकोस. विहिरीवर लाखभर रुपये घालण्याआधी एक पावसाळा गावाला एकत्र बसवून पाहा." तो काही बोलला नाही. आजोबा मात्र म्हणाले, "फडाची वही आमच्या घरी असायची, साहेब. शोधून ठेवतो."

वही सापडली, तर तिच्यातील पाळ्यांची रीत पुढे कधी सांगेन. तोवर तुमच्या विहिरीची मोजणी या सदराकडे जरूर लिहून पाठवा.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी, देवळा